बडोद्यात चाळिशीचा चष्मा: रेडीमेड, बायफोकल की प्रोग्रेसिव्ह?

जवळच्या चष्म्याला आपण सरळ 'चाळिशी' म्हणतो. वय आणि वस्तू एकाच शब्दात. शब्द चपखल आहे, पण त्यामुळे दुकानात एक गोष्ट राजरोस घडते: समोरचा माणूस वय विचारतो आणि त्यावरून नंबर ठरवतो. पंचेचाळीस म्हटलं की सव्वा-दीड, पन्नास म्हटलं की पावणेदोन-दोन. हे घ्या, पेपर वाचून बघा, दिसतंय ना? झालं. मग घरी गेल्यावर पेपर दिसतो पण सुईत दोरा जात नाही, किंवा सुई दिसते आणि कॉम्प्युटर धूसर. चष्मा तसा बिघडलेला नसतो. तो कुठल्या अंतरासाठी हवा होता, हे कुणी विचारलेलंच नसतं.

बडोद्यात आज चार प्रकारची चाळिशी मिळते. मंगळ बाजारासारख्या ठिकाणी शे-दोनशे रुपयांत मिळणारा रेडीमेड, दुकानात बनवून घ्यायचा बायफोकल (लांबच्या काचेत खाली जवळच्या नंबरची खिडकी), प्रोग्रेसिव्ह (खिडकीच्या कडेशिवाय नंबर हळूहळू चढत जाणारा), आणि अलीकडे ऑफिस लेन्स म्हणून विकला जाणारा चौथा. आमचं मत आधीच सांगून टाकतो. दिवसभर एकच चष्मा डोळ्यांवर हवा असेल तर प्रोग्रेसिव्ह सर्वांत चांगला, पण माप नीट घेतलं असेल तरच. माप चुकलेल्या वीस हजारांच्या प्रोग्रेसिव्हपेक्षा नीट बसवलेला साधा डी बायफोकल (वरून सपाट खिडकीचा) कितीतरी बरा. रेडीमेडला नाकं मुरडायचं कारण नाही, फक्त तो सगळ्यांना चालत नाही. आणि यातला कुठलाही घ्या, दुकानाची पायरी चढण्याआधी घरी टेप घेऊन आपली अंतरं मोजा.

अंतरं का मोजायची, हे कळायला डोळ्यात काय होतं ते बघावं लागेल.

लांबचं बघताना डोळ्याच्या आतला सिलियरी स्नायू सैल असतो. तो कड्यासारखा, भिंगाभोवती गोल बसलेला. सैल असला की कडं रुंद राहतं, त्याला भिंगाशी जोडणारे बारीक तंतू ताणलेले राहतात आणि मधलं नैसर्गिक भिंग चपटं. जवळचं बघायचं म्हटलं की स्नायू आवळतो, कडं लहान होतं, तंतू ढिले पडतात आणि भिंग आपल्या लवचिकपणानं फुगतं. फुगलं की त्याची ताकद वाढते आणि हातातलं अक्षर स्पष्ट होतं. ही मांडणी हेल्महोल्ट्झनं १८५५ मध्ये केली. त्याच्याही आधी, १८०१ मध्ये, थॉमस यंगनं एक देखणा प्रयोग मांडला होता. डोळ्याला पाणी लावून त्यानं कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची) ताकद जवळपास पुसून टाकली, तरी त्याला फोकस बदलता येत होता. डोळ्याच्या साधारण ६० डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक) ताकदीतला दोन-तृतीयांश वाटा कॉर्नियाचा असतो, पण तो स्थिर. जवळ-लांबचं सगळं काम ते छोटं भिंग करतं.

वयानं डोळ्याचा स्नायू थकतो असं सर्रास सांगतात. मुख्य कारण ते नाही. भिंगाच्या पेशी त्वचेसारख्या गळून पडत नाहीत. जन्मभर नवे थर जुन्या थरांवर चढत राहतात, आतले थर दाबले जातात, घट्ट होतात. पन्नाशीतही स्नायू आवळतो, तंतू ढिले पडतात, पण भिंगच फुगायला तयार नसतं. म्हणून बोटाकडे टक लावायचे आणि बुबुळं गोल फिरवायचे व्यायाम करून चाळिशी उतरत नाही. त्या व्यायामांसाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

आता हिशेब. डायॉप्टर काढायला १ ला मीटरमधल्या अंतरानं भागायचं. ४० सेंटिमीटरवरचं पुस्तक वाचायला २.५ डायॉप्टर लागतात, २५ सेंटिमीटरवरच्या सुईला ४, आणि ६५ सेंटिमीटरवर, हार्मोनियमसमोर ठेवलेल्या भजनाच्या वहीला दीडच्या थोडं वर. डोळ्याकडे सरासरी किती असतात, यासाठी हॉफस्टेटरचं सूत्र वापरतात: १८.५ मधून वयाच्या ०.३ पट वजा करा. दहा वर्षांच्या पोराकडे १५.५, म्हणून ते वही नाकाला लावून लिहितं. चाळिशीत ६.५ उरतात, पंचेचाळिशीत ५, पन्नाशीत ३.५, साठीत अर्धा. त्यातही डोळा आपली पूर्ण ताकद सतत लावू शकत नाही, निम्मी राखीव ठेवावी लागते, नाहीतर अर्ध्या तासात कपाळ ठणकतं. पंचेचाळिसाव्या वर्षी ५ ची निम्मी म्हणजे अडीच, बरोबर ४० सेंटिमीटरला पुरेल एवढीच. पेपर धरलेले हात या सुमाराला का लांबायला लागतात, ते या आकड्यात दिसतं.

पन्नाशीची एक बाई घ्या. वापरता येण्याजोगी ताकद पावणेदोन. पुस्तकाला तिला पाऊण नंबरची मदत हवी, सुईला सव्वादोनची, आणि हार्मोनियमसमोरच्या वहीला काहीच नको. तीच बाई साठीला आली की पुस्तकाला सव्वादोन, सुईला पावणेचार, वहीला सव्वा. एकच डोळा, एकच वय आणि तीन वेगळे नंबर. हे आकडे सरासरीचे आहेत. खरा नंबर ट्रायल फ्रेम लावून, तुमच्या अंतरावर तक्ता धरूनच काढायचा. लांबचा लपलेला प्लस नंबर असेल त्याला चाळिशी आधी लागते, कारण त्याची काही ताकद लांबचं बघण्यातच खर्च होत असते. मायनस अडीचवाला मात्र चष्मा काढून ४० सेंटिमीटरवरचं आरामात वाचतो आणि 'मला चाळिशी लागलीच नाही' म्हणतो. लागलेली असते, फक्त त्याच्या मायनसनं ती झाकलेली असते.

म्हणून घरी असताना तीन मापं घ्या. आपण जिथे बसून वाचतो तिथे बसून डोळ्याच्या कोपऱ्यापासून पानापर्यंत. कॉम्प्युटर किंवा शिलाई मशीनच्या सुईपर्यंत. आणि सर्वांत बारीक काम असेल तिथपर्यंत, मग ते तांदळातले खडे निवडणं असो की औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचणं. ही मापं चिठ्ठीवर लिहून नंबर काढणाऱ्यासमोर ठेवा. जो ती चिठ्ठी वाचून त्या अंतरांवर तक्ता धरतो, त्याच्याकडे चष्मा करावा.

रेडीमेड

लांबचा नंबर शून्य, दोन्ही डोळे सारखे, सिलिंडर नंबर (वेगवेगळ्या दिशांना वेगळी ताकद) नाही किंवा अगदी थोडा, आणि एकाच अंतराचं काम: एवढं जमत असेल तर रेडीमेड चांगली वस्तू आहे. साध्या जवळच्या चष्म्यानं काय होतं याचा पुरावा आपल्याच देशात आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना असे चष्मे देऊन केलेली पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानखुडणी सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. स्वस्त म्हणून हिणवण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

अडचण भिंगांच्या मधल्या अंतराची. रेडीमेड चष्म्यात दोन्ही काचांचे मध्यबिंदू ठरावीक अंतरावर येतात, पुष्कळदा ६२ ते ६४ मिलिमीटरवर. वाचताना डोळे आत वळतात, त्यामुळे बाहुल्यांमधलं अंतर लांबच्या मापापेक्षा तीन-चार मिलिमीटरनं कमी होतं. अरुंद चेहऱ्याच्या बाईचं ते ५८ असेल आणि चष्म्याचं ६४, तर ६ मिलिमीटरचा फरक. सेंटिमीटरमधला फरक गुणिले नंबर एवढं प्रिझम (नजर एका बाजूला खेचणारा परिणाम) तयार होतं: ०.६ गुणिले २.५०, म्हणजे दीड. त्यानं डोळ्यांना गरजेपेक्षा जास्त आत वळावं लागतं आणि पंधरा-वीस मिनिटांत भुवयांच्या मध्ये ओढ बसते. एक नंबरच्या चष्म्यात तोच फरक फक्त ०.६ प्रिझमचा, तो बहुतेकांना जाणवतही नाही. म्हणून आमचा आडाखा असा: दीडपर्यंत रेडीमेड बिनधास्त, दोनच्या पुढे मोजून.

मोजायचं कसं? चष्मा हातभर लांब धरा आणि काचेतून दाराची उभी कड बघा. चष्मा डावीकडे-उजवीकडे सरकवा. काचेच्या आत दिसणारी कड आणि बाहेरची कड एका रेषेत अखंड जुळतील तिथे त्या काचेचा मध्य. तिथे स्केचपेननं टिंब करा, दुसऱ्या काचेवरही करा, आणि पट्टीनं अंतर मोजा. मग चष्मा जागच्या जागी चक्रासारखा थोडा फिरवा. काचेतली रेघ कात्रीच्या पात्यासारखी वाकडी झाली तर आत नको असलेला सिलिंडर आहे. कड लाटेसारखी हलली तर काच नीट ओतलेली नाही. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर तो चष्मा ठेवून दुसरा उचला. एकाच गठ्ठ्यातल्या दोन चष्म्यांत असा फरक सापडतो, म्हणून हे दोन मिनिटांचं काम गाडीपाशीच उरकावं. शिक्का +२.०० चा असला तरी दुकानात लेन्सोमीटर असेल तर नंबर तपासून मागायला लाजू नये.

जास्त नंबर घेतला की जास्त स्पष्ट दिसेल, हाही एक घट्ट बसलेला समज. साठीच्या माणसानं +३.०० चा चष्मा लावला तर पान ३३ सेंटिमीटरवर आणावं लागेल, आणि जरा लांब गेलं की धूसर. अक्षरं मोठी वाटतात खरी, पण मान वाकते आणि वाचण्याची जागा आखडते. जो सर्वांत कमी नंबर आपल्या अंतरावर आरामात वाचू देतो, तोच घ्यायचा.

बायफोकल

बेंजामिन फ्रँकलिननं १७८४ च्या सुमारास आपल्या दोन काचांच्या चष्म्याचं वर्णन पत्रात केलं, त्या कल्पनेला सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली आणि ती अजून टिकून आहे. आपल्याकडे दोन प्रकार चालतात. गोल खिडकीचा क्रिप्टॉक, ज्याला दुकानदार केटी म्हणतात, आणि वरून सपाट असलेला डी. किमतीत थोडाच फरक, पण डोळ्याला पडणारा फरक मोठा.

लांबच्या भागातून नजर खाली उतरून खिडकीत शिरते त्या क्षणी चित्र टुणकन उडी मारतं. ती उडी किती मोठी, हे खिडकीच्या वरच्या कडेपासून तिच्या मध्यबिंदूपर्यंतच्या अंतरावर ठरतं. २२ मिलिमीटरच्या गोल केटीत ते ११ मिलिमीटर, २८ च्या डीमध्ये साधारण ५. जवळचा नंबर, म्हणजे लांबच्यावर वाढवलेला भाग, दोन धरला तर केटीत २.२ प्रिझमची उडी, डीमध्ये १ ची. शिवाय डीची रुंदी वरच्या कडेपासूनच हाती लागते, गोल खिडकी मात्र वरच्या बाजूला निमुळती. नव्यानं बायफोकल घेणाऱ्याला केटी देण्यासारखं आम्हाला काही कारण दिसत नाही. वर्षानुवर्षं केटी वापरणाऱ्याला मात्र उगाच बदलायला लावू नये, त्याची नजर त्या खिडकीला सरावलेली असते.

बसवण्याचा नियम सोपा: खिडकीची वरची कड खालच्या पापणीच्या काठाला. दोन मिलिमीटर वर गेली तर चालताना मध्ये येते, खाली गेली तर वाचायला हनुवटी उचलावी लागते.

बायफोकलची खरी मर्यादा मधलं अंतर. साठीत जवळचा नंबर सव्वादोन असेल तर खिडकीतून साधारण ३५ ते ५५ सेंटिमीटर स्पष्ट, वरच्या भागातून दोन मीटरपुढचं स्पष्ट, आणि मधला पट्टा धूसर. कॉम्प्युटर, ओट्यावरचा गॅस, दुकानातली फळी, हार्मोनियमवरची वही, सगळं नेमकं त्याच पट्ट्यात. जो दिवसभर पेपर, पोथी आणि रस्ता एवढंच बघतो त्याला याचं काही वाटत नाही. बँकेत बसणाऱ्याला वाटतं.

प्रोग्रेसिव्ह

१९५९ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार्ड मेतेना यांनी केलेली वॅरिलक्स बाजारात आली आणि खिडकीची कड नाहीशी झाली. वर लांबचा नंबर, खाली जवळचा, आणि मधल्या बोळात नंबर हळूहळू चढत जातो. बडोद्यात याच्या किमती अडीच-तीन हजारांपासून पंचवीस-तीस हजारांच्या पुढेही जातात. त्या फरकात काय मिळतं, हे कळायला या भिंगाचा एक अटळ दोष समजून घ्यावा लागतो.

नंबर उभ्या रेषेत जेवढ्या वेगानं चढतो, त्याच्या साधारण दुप्पट वेगानं बोळाच्या दोन्ही बाजूंना नको असलेला सिलिंडर वाढत जातो. मिंकविट्झनं हे गणितानं सिद्ध केलं, आणि कुठल्याही कंपनीला त्यातून सुटका नाही. जवळचा नंबर दोन आणि बोळाची लांबी १२ मिलिमीटर असेल तर बाजूला प्रत्येक मिलिमीटरला तिसरा हिस्सा डायॉप्टर सिलिंडर. मध्यापासून तीन मिलिमीटरवर तो एक होतो. म्हणजे कामाचा बोळ जेमतेम सहा मिलिमीटर रुंद. बोळ १६ मिलिमीटरचा केला तर तोच आठ मिलिमीटर होतो, पण मग खालचा जवळचा भाग मावायला फ्रेम उंच हवी. चांगली, महाग रचना हा दोष काढून टाकत नाही. तो कुठे ढकलायचा हे ती हुशारीनं ठरवते, आणि तुमची मापं घालून भिंग घडवते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, अगदी बारक्या उंचीच्या फॅशनेबल फ्रेममध्ये प्रोग्रेसिव्ह घेऊ नका. बाहुलीच्या मध्यापासून फ्रेमच्या खालच्या आतल्या काठापर्यंत निदान १८ मिलिमीटर मिळावेत. १४ वर बसणारी आखूड बोळाची भिंगं मिळतात, पण त्यांचा मधला भाग चिंचोळा असतो. दुसरी, प्रोग्रेसिव्ह घ्यायचाच असेल तर नंबर एक-सव्वा असतानाच सुरू करा. तेव्हा बाजूचा दोष कमी, सवय आठवड्यात होते. थेट सव्वादोनवर पहिला प्रोग्रेसिव्ह घेणाऱ्याला फरशी पोहताना दिसते.

आता मापाचं काम, आणि इथेच सगळं बिनसतं. क्रम असा हवा: आधी फ्रेम निवडायची. मग ती तुमच्या नाकावर, कानांवर नीट बसवायची, नोज पॅड आणि काड्या वाकवून. फ्रेमचा खालचा भाग गालांकडे किंचित झुकलेला हवा, आठ ते बारा अंशांत, आणि काच डोळ्यापासून बारा ते चौदा मिलिमीटरवर. त्यानंतर माप घेणाऱ्यानं तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर समोर बसायचं, तुम्ही त्याच्याकडे सरळ बघायचं, आणि त्यानं फ्रेममधल्या डेमो काचेवर प्रत्येक बाहुलीच्या मध्यावर पेननं खूण करायची. नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचं अंतर वेगळं लिहायचं, उंचीही वेगळी.

होतं काय, तर फ्रेम तशीच ढिली ठेवून माप घेतात. किंवा एकूण अंतर ६४ मोजून दोहोंत वाटतात, ३२ आणि ३२. खरं माप ३१ आणि ३३ असतं. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण सहा मिलिमीटरच्या बोळात मध्यापासून कडेपर्यंत तीनच मिलिमीटर असतात, त्यातला एक गेला. उभं राहून, वरून खाली बघत उंचीची खूण केली की तीही हुकते. ज्या दुकानात तुमच्या फ्रेमवर पेन टेकवलाच नाही आणि फोटो काढून मोजायचं यंत्रही वापरलं नाही, तिथे प्रोग्रेसिव्हची ऑर्डर देऊ नये. शोरूम कितीही झगमगीत असो.

चष्मा तयार होऊन आला की काचेवर पुसता येणाऱ्या शाईच्या खुणा असतात. दुकानदार हौसेनं त्या पुसून, चष्मा चमकवून हातात देतो. त्याला थांबवा. खुणांसकट चष्मा लावा, आरशात बघा, किंवा सोबतच्या माणसाला समोर उभं करा. छोटं फुलीचं चिन्ह दोन्ही बाहुल्यांच्या बरोबर मध्ये यायला हवं. एका डोळ्यात बरोबर आणि दुसऱ्यात पापणीवर, असं असेल तर आधी फ्रेम सरळ करून बघा, तरी जमलं नाही तर चष्मा परत. शाई पुसली गेली तरी भिंगावर कायमच्या कोरलेल्या बारीक खुणा राहतात. काचेवर तोंडानं वाफ सोडा आणि ट्यूबलाइटकडे तिरपी धरा: एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर दोन इवली वर्तुळं किंवा चिन्हं दिसतील. कानाकडच्या चिन्हाखाली जवळचा नंबर कोरलेला असतो, नाकाकडच्या खाली बनावटीची खूण. तुमच्या चिठ्ठीवर पावणेदोन आणि काचेवर २०० (म्हणजे २.००) असेल, तर भिंग दुसऱ्या कुणाचं आहे.

पहिले काही दिवस बाजूला बघताना डोळ्यांऐवजी मान वळवायची, वाचताना हनुवटी स्थिर ठेवून नजर खाली टाकायची. दोन आठवड्यांत डोकं सरावतं. त्यापुढेही त्रास राहिला तर तो 'सवयीचा' म्हणून सोडून देऊ नका, कारण बहुतेक वेळा तो फ्रेमचा असतो. वाचायला हनुवटी उचलावी लागते? चष्मा खाली बसलाय. नोज पॅड आत दाबून तो एक-दोन मिलिमीटर वर घ्या, झुकाव थोडा वाढवा. लांबचं बघताना मान खाली घालावी लागते? चष्मा वर बसलाय. ओळीचा फक्त डावा किंवा उजवा भाग स्पष्ट? डोळ्यांची अंतरं चुकली, तिथे नवीन भिंगाशिवाय इलाज नाही. बडोद्याच्या मे महिन्यात घामानं चष्मा नाकावरून घसरतो, आणि तीन मिलिमीटर घसरलेला प्रोग्रेसिव्ह चुकीच्या मापाच्या प्रोग्रेसिव्हसारखाच वागतो. सिलिकॉनचे नोज पॅड आणि कानामागे नीट वळवलेल्या काड्या, एवढ्यानं निम्म्या तक्रारी मिटतात.

पायऱ्यांबद्दल मात्र सावध राहा. दोन नंबरच्या जवळच्या भागातून अर्ध्या मीटरपुढचं धूसर होतं, आणि पायाखालची पायरी दीड मीटरवर. पावागड उतरताना प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल लावून नुसती नजर खाली टाकली तर पायरीची कड हरवते. हनुवटी छातीकडे घेऊन वरच्या भागातून बघायचं, किंवा अशा दिवशी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा न्यायचा. सत्तरीपुढच्या, तोल कमी झालेल्या माणसाला आम्ही बाहेर फिरायला साधा लांबचा चष्माच सुचवतो.

ऑफिस लेन्स आणि बाकीचं

कॉम्प्युटर, शिलाई, चित्रकला, भजनी मंडळ, यांत दिवस जात असेल तर ऑफिस लेन्स मोठी सोय आहे. ४० सेंटिमीटरपासून एक ते चार मीटरपर्यंत रुंद आणि स्पष्ट, कारण लांबचा रस्ता तिनं सोडून दिलेला असतो. म्हणूनच ती लावून स्कूटर चालवायची नाही. पैसे वाचवायचे असतील तर ६५ सेंटिमीटरच्या हिशेबानं केलेला साधा एकनंबरी चष्माही हार्मोनियमवाल्याला पुरतो.

ॲन्टी-ग्लेअरवर खर्च करावा. साध्या प्लॅस्टिकच्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परततो, तो त्यानं बराच वाचतो. ब्ल्यू-कटवर (निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेवर) मात्र वेगळे पैसे देऊ नका. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात त्यानं डोळ्यांवरचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही. पॉलीकार्बोनेट सहजासहजी फुटत नाही, पण त्यात कडेला रंगांची झालर जास्त दिसते. साध्या कमी नंबरला सीआर-३९ हे नेहमीचं प्लॅस्टिक पुरेसं.

चष्म्याइतकाच दिवा महत्त्वाचा. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानानं साधारण एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली लहान राहते आणि भिंग पिवळटतं. तीच लहान बाहुली भरपूर उजेडात फायद्याची, फोकसचा पल्ला वाढवते, म्हणून सकाळी गच्चीत चष्म्याशिवाय वाचता येतं आणि तिन्हीसांजेला येत नाही. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या लाद्या आहेत, खालपर्यंत उजेड झिरपावा म्हणून. सयाजीरावांच्या काळात वाचकासाठी एवढा विचार झाला होता. घरी दोन मीटरवरच्या बल्बऐवजी अर्ध्या मीटरवर तेवढ्याच ताकदीचा टेबल लॅम्प आणला तर पानावर सोळापट उजेड पडतो.

चाळिशीवरच्या डोळ्यांच्या थेंबांबद्दल विचारणा वाढली आहे. पिलोकार्पिनच्या सव्वा टक्क्याच्या थेंबांना अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. ते बाहुली आकुंचित करून काही तासांपुरता पल्ला वाढवतात, भिंग मऊ करत नाहीत. अंधारात कमी दिसतं, डोकं दुखू शकतं, आणि पडद्याला इजा होण्याचा धोका असलेल्या डोळ्यांत ते घालू नयेत. डॉक्टरांशिवाय नकोच.

चाळिशीचा चष्मा काढताना एकदा डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासून घ्या. सयाजी रुग्णालयाच्या नेत्रविभागात किंवा आपल्या डॉक्टरांकडे. साखर वर-खाली होत असेल तर नंबरही वर-खाली होतो, ती स्थिर झाल्यावरच चष्मा करा. आणि पासष्टीच्या माणसाला एक दिवस चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागला तर पेढे वाटू नका. बहुधा भिंगाचा गाभा घट्ट होऊन मायनस नंबर चढतोय, म्हणजे मोतीबिंदू सुरू झालाय. लांबचं तपासलं तर ते उतरलेलं सापडेल.

बिलावर लांबचा नंबर, जवळचा नंबर, दोन्ही डोळ्यांची अंतरं आणि उंची लिहून मागा. पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात गेलात तरी मापं तुमच्याकडे राहतील. जुना चष्मा टाकू नका. पन्नाशी ओलांडल्यावर वाचायला घेतलेला सव्वाचा चष्मा साठीत पुस्तकाला अपुरा पडतो, पण हार्मोनियमसमोरच्या वहीला तो नेमका बसतो. डबीवर चिकटपट्टी लावून '६५ सेंमी' लिहून पेटीजवळ ठेवा.